आगोटीचं ऑइल

मे महिना उतरणीला लागला की आमच्या हर्णै बंदरावर सगळी कामं एकदमच अंगावर येतात. १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारीबंदी लागू व्हायची असते. त्याआधी नौका उघड्या समुद्रातून काढून, भरती बघून, आंजर्ल्याच्या नाहीतर दाभोळच्या खाडीत आत घ्यायच्या असतात. जाळी धुऊन, सुकवून माळ्यावर टाकायची असतात. खलाशांत बरेच जण नेपाळचे, त्यांची परतीची गाडी ठरलेली असते आणि हिशेब चुकता झाल्याशिवाय त्यांचा पाय निघत नाही. घरात आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, खरेदी चालू असते: तांदूळ, मसाला, कांदे, सुकी मासळी, लाकूडफाटा. या धांदलीत होडीच्या इंजिनाची पाळी सगळ्यांच्या शेवटी लागते. आणि पावसाळाभर बंद राहणाऱ्या त्या इंजिनात कुठलं ऑइल ठेवून जायचं, हा प्रश्न पुष्कळ जणांना पडतच नाही.

माझं दुकान बंदराच्या रस्त्यावर आहे. फिल्टर, बेल्ट, बेअरिंग, नोझल, झिंक आणि ऑइल. वडिलांनी घातलेलं दुकान मी चालवतो. ऑइल विकणारा माणूस ऑइलवर लिहितोय म्हटल्यावर वाचणाऱ्याला शंका येणं साहजिक आहे. म्हणून आधीच सांगतो, माझं म्हणणं सगळ्यांनी ऐकलं तरी माझी विक्री फारशी वाढणार नाही, ती फक्त तीन महिने अलीकडे येईल. म्हणणं इतकंच की ऑइल इंजिन चालू करताना नव्हे, बंद करताना बदलावं. ज्याला मुक्काम करायचा आहे त्याला स्वच्छ अंथरूण लागतं, निघणाऱ्याचं काय, तो उठूनच जाणार आहे.

दरवर्षी कोणीतरी जुना तांडेल (होडीचा प्रमुख) दुकानात बसून चहा घेता घेता म्हणतो, “बंद इंजिनाला नवं ऑइल कशाला रे भाऊ? नारळी पुनवेला चालू करू तेव्हा बदलू की.” वरवर पाहिलं तर यात काहीच चूक नाही. ऑइल झिजतं ते इंजिन चालल्यावर. तीन महिने ज्याला फिरायचंच नाही त्याच्या पोटात पंधरा-सोळा लिटर नवंकोरं ऑइल ओतून ठेवायचं, म्हणजे पैसे पाण्यात घातल्यासारखंच वाटतं. त्यात मे महिना हा हातात पैसा नसण्याचा महिना. हंगामाच्या शेवटी मासळी कमी, बोटीवरचं कर्ज डोक्यावर, डिझेलच्या परताव्याची रक्कम कधी येईल याचा भरवसा नाही. मी त्याला म्हणतो, “काका, जरा बसा. डिपस्टिक काढून आणा, मग बोलू.”

जुन्या ऑइलमध्ये नक्की काय असतं ते बघायला प्रयोगशाळा लागत नाही. आमच्या दुकानामागे एक लोखंडी पत्रा आहे, तो शेगडीवर तापवायचा. डिपस्टिकच्या टोकाचा एक थेंब त्यावर सोडायचा. ऑइल कोरडं असेल तर थेंब नुसता पसरतो, धूर सोडतो आणि गप्प बसतो. त्यात पाणी असेल तर तो तडतडतो, बारीक बुडबुडे फुटतात. हजारात एखादा भाग पाणी असलं तरी हा आवाज कानाला कळतो. दुसरा थेंब टिपकागदावर टाकायचा आणि तासाभराने बघायचं. मधोमध काळा ठिपका, त्याच्याभोवती करडं वलय, आणि सगळ्यात बाहेर तेलकट पिवळसर कड. मधला काळा डाग गच्च आणि त्याची कड धारदार असेल, तर काजळी पोटात धरून ठेवण्याची ऑइलची ताकद संपली असं समजावं. काळा रंग हा मात्र दोष नाही, ही गोष्ट मला परत परत सांगावी लागते. डिझेल इंजिनातलं चांगलं ऑइल थोड्याच दिवसांत काळं होतं, कारण काजळी भिंतींवर चिकटू न देता ती स्वतःत तरंगत ठेवणं हेच त्याचं काम. काळजी करायची ती ऑइल दुधाळ झालं तर. मग कुठेतरी कूलर फुटलाय किंवा गॅसकेट गेलंय, आणि तो वेगळाच आजार.

पाणी कुठून येतं, असं लोक विचारतात. कूलर शाबूत आहे, टाकी स्वच्छ आहे, तरी पाणी? डिझेल हे कार्बन आणि हायड्रोजनचं बनलेलं आहे. ते जळलं की त्यातल्या हायड्रोजनचं पाणी होतं. एक लिटर डिझेल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. ही गोष्ट मला पहिल्यांदा कळली तेव्हा मी कागदावर आकडेमोड करून पुन्हा पडताळली होती. बहुतेक वाफ सायलेन्सरमधून निघून जाते. पण पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी थोडा वायू त्यांच्या कडेने खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतोच, आणि त्याच्याबरोबर वाफ, न जळलेलं डिझेल, गंधकाची आणि नायट्रोजनची आम्लं. इंजिन चालू असेपर्यंत ऑइल शंभर अंशांच्या आसपास तापलेलं असतं, त्यामुळे पाणी उडून ब्रीदरमधून बाहेर पडत राहतं. इंजिन बंद झालं की ही सोय संपते. राहिलेलं पाणी चेंबरच्या तळाशी बसतं, आम्लं त्यात विरघळतात आणि जिथे पोहोचतील तिथे धातू खायला लागतात. मेन बेअरिंगच्या कवचावर तांब्या-शिशाचा थर असतो. त्यातलं शिसं या आम्लांना सगळ्यात आधी बळी पडतं.

नवीन ऑइलमध्ये या आम्लांवर उतारा घातलेला असतो. कॅल्शियम, मॅग्नेशियम यांची अल्कधर्मी संयुगं असतात, ती आम्लाला भेटली की स्वतः खर्ची पडून त्याला निष्प्रभ करतात. हा साठा मोजायची एक पद्धत आहे, तिला बेस नंबर म्हणतात. सध्याच्या चांगल्या डिझेल ऑइलमध्ये तो साधारण १० च्या आसपास असतो. हंगामभर चालल्यावर तो उतरत जातो. म्हणजे मे महिन्यात चेंबरमध्ये जे ऑइल असतं, त्यात आम्लं सगळ्यात जास्त आणि त्यांच्यावरचा उतारा सगळ्यात कमी असतो. नेमक्या त्या घडीला आपण इंजिन बंद करतो आणि वर्षातल्या सगळ्यात ओल्या तीन महिन्यांसाठी त्याला तसंच टाकून घरी जातो.

डिझेल पूर्वीपेक्षा खूपच स्वच्छ झालंय, हे खरं आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर जे डिझेल मिळतं त्यात गंधक दहा लाखांत फक्त १० भाग. वडिलांच्या काळात तेच प्रमाण याच्या शेकडो पटींनी जास्त होतं, आणि तेव्हाच्या मिस्त्रींनी जळालेली बेअरिंगं पाहून जे नियम केले ते त्या डिझेलसाठी होते. आता गंधकाचं आम्ल कमी झालंय, त्यामुळे ऑइल थोडं जास्त टिकतं. पण पाणी तेवढंच तयार होतं, ऑइल तापून स्वतःच आम्लधर्मी होतं ते तसंच, आणि समुद्र काही बदललेला नाही.

समुद्राचं काय ते इथे सविस्तर सांगायला हवं, कारण बाहेरच्या पुस्तकांत ते सापडत नाही. बोटीचं इंजिन दीर्घ काळ कसं ठेवावं यावरचं बरंचसं लिखाण थंड देशांतलं आहे. तिथे हिवाळ्यात बोट बाहेर काढतात. त्यांची भीती इंजिनातलं पाणी गोठून ब्लॉक फुटण्याची, त्यामुळे त्यांचा भर न गोठणाऱ्या द्रवावर आणि गारठ्यातही पातळ राहणाऱ्या ऑइलवर. आपला शत्रू त्याच्या अगदी उलटा. दापोली परिसरात वर्षाला साधारण साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. जुलैत हवेतली आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या घरात असते. कोकणातल्या कुठल्याही स्वयंपाकघरात मिठाची बरणी आषाढात पाझरते. मीठ हवेतून पाणी ओढून घेतं म्हणून ती ओलावते. शुद्ध मीठ पंचाहत्तर टक्के आर्द्रतेच्या वर हे करतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराईड असतं, ते तर तेहतीस टक्क्यांच्या वरच पाणी धरू लागतं. आमचं इंजिन हंगामभर समुद्रावरची खारी हवा ओढत असतं. एअर फिल्टरच्या आत, मॅनिफोल्डमध्ये, वॉल्व्हच्या मागच्या बाजूला त्या खारटपणाचा पातळ थर बसतो. पावसाळ्यात तोच थर घाम फुटल्यासारखा ओला होतो आणि ओला राहतो.

२०२० साली हे मला अगदी समोर दिसलं. मार्चच्या शेवटी टाळेबंदी लागली. मासेमारीला पुढे सूट मिळाली, पण बर्फ नाही, खलाशी नाहीत, बाजार नाही, म्हणून कितीतरी नौका खाडीत बांधलेल्याच राहिल्या. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर आदळलं आणि आमच्याकडचे पत्रे, माड, झाप, काहीच जागेवर ठेवलं नाही. कोणी कुठल्या बोटीचं इंजिन बघणार होतं? पाच-सहा महिने त्या इंजिनांना हात लागला नाही. नंतर त्यांतलं एक सहा सिलिंडरचं इंजिन उघडताना मी मिस्त्रीबरोबर उभा होतो. हेड वर उचललं. चार सिलिंडर स्वच्छ होते, होनिंगच्या तिरक्या रेघा अजून दिसत होत्या. उरलेल्या दोघांत लायनरवर लालसर पट्टा आलेला, आणि पिस्टन जिथे थांबला होता बरोबर त्याच उंचीवर सगळ्यात वरच्या रिंगेचा गंजाचा वेढा. नखाने कोरला तर निघत नव्हता. मिस्त्रीने बोट दाखवून सांगितलं, “या दोन सिलिंडरांचे एक्झॉस्ट वॉल्व्ह उघडे राहिले होते.” सहा सिलिंडरचं इंजिन कुठल्याही जागी थांबलं तरी कोणत्या ना कोणत्या सिलिंडरचा एक्झॉस्ट वॉल्व्ह उघडा असतोच. तिथून सायलेन्सरची सगळी ओली, खारी हवा आत येते. बाकीच्या चार सिलिंडरांची सायलेन्सरकडची दारं बंद होती, म्हणून ते वाचले. लायनर, पिस्टन, रिंगा, मजुरी सगळं मिळून त्या मालकाला झालेला खर्च ऐकून दुकानात बसलेले लोक गप्प झाले होते.

आता ऑइल कुठलं, या मूळ प्रश्नाकडे. डब्यावर दोन गोष्टी वाचायच्या. पहिली म्हणजे ग्रेड. आमच्याकडे बहुतेक इंजिनांना १५डब्ल्यू-४० चालतं. यातला पहिला आकडा ऑइल गारठ्यात किती पातळ राहतं ते सांगतो. आमच्या खाडीत जानेवारीच्या पहाटेलाही त्याचा फारसा प्रश्न येत नाही, म्हणून ५डब्ल्यू किंवा १०डब्ल्यूसाठी जादा पैसे मोजण्यात मला अर्थ दिसत नाही. महत्त्वाचा तो दुसरा आकडा, तापलेल्या इंजिनात ऑइलचा दाटपणा किती राहतो तो. जुन्या, संथ चालणाऱ्या इंजिनांना नुसतं ४० नंबरचं एकेरी ऑइल सांगितलेलं असतं. इंजिनाच्या पुस्तकात तसं असेल तर तेच घ्या, त्याच्यावर दुकानदाराचं ऐकू नका, माझंही. दुसरी गोष्ट म्हणजे एपीआयचा दर्जा. सीएफ-४ हा १९९० चा, सीएच-४ हा १९९८ चा, सीआय-४ हा २००२ चा, आणि सीके-४ हा २०१६ च्या शेवटी आलेला. अजूनही काही तांडेल सवयीने सीएफ-४ मागतात. मी त्यांना सीआय-४ देतो, कारण त्यात काजळी सांभाळण्याची आणि आम्लाला तोंड देण्याची ताकद नक्की जास्त आहे, आणि किमतीतला फरक एका फेरीच्या बर्फाएवढाही नाही. सीके-४ नव्या ट्रकांच्या धूर गाळणाऱ्या यंत्रणेला जपून बनवलेलं आहे. ते वाईट नाही, पण आमच्या बोटींवर ती यंत्रणा नसते.

सिंथेटिक घेऊ का, असं तरुण पोरं विचारतात. त्यांच्या मोटरसायकलींना ते घालतात, म्हणून त्यांचा जीव बोटीवरही चांगलंच ऑइल घालावं असा असतो. तो जीव मला आवडतो. पण सिंथेटिकचा मोठा गुण उष्णतेत टिकण्याचा आणि गारठ्यात वाहण्याचा. बंद पडून राहणाऱ्या इंजिनाला लागतो तो वेगळाच गुण: धातूला चिकटून राहणं. ऑइलमध्ये गंजरोधक म्हणून जी संयुगं घालतात, त्यांच्या रेणूचं एक टोक धातूला धरतं आणि दुसरं तेलात राहतं. असे असंख्य रेणू शेजारी शेजारी उभे राहिले की धातूवर पाणी पोहोचू न देणारा पडदा तयार होतो. काम करताना हे रेणू खर्ची पडतात. म्हणून नव्या साध्या ऑइलचा पडदा जुन्या महागड्या ऑइलपेक्षा भक्कम असतो. हे एवढं कळलं तर बाकी सगळं विसरलं तरी चालेल. माझं मत सरळ आहे: चार हजारांचं साधं ऑइल मे महिन्यात बदललेलं, नऊ हजारांच्या सिंथेटिकपेक्षा बरं, जे गेल्या नोव्हेंबरपासून तसंच आहे.

धातूला चिकटण्यात एरंडेलाचा हात कोणी धरणार नाही. बैलगाडीच्या आखाला आपल्याकडे तेच लावत आले. पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या फिरत्या इंजिनांतही एरंडेलच होतं, आणि कॅस्ट्रॉल हे नावही १९०९ साली त्यावरूनच पडलं. त्यामुळे काही जुनी माणसं अजून विचारतात की पावसाळ्यापुरतं चमचाभर एरंडेल ऑइलमध्ये मिसळलं तर? नको. वनस्पतींचं तेल हवेने घट्ट होत जातं आणि शेवटी त्याचा चिकट थर बनतो. लाकडाच्या आखाला त्याचं काही वाटत नाही, पण रिंगांच्या बारीक खाचांत तो बसला की रिंगा धरतात. होडीच्या लाकडाला मुशीच्या काळजाचं तेल लावायचे, तेही अशाच कारणाने फळीपुरतंच योग्य होतं. माझ्या लहानपणी मे महिन्यात किनाऱ्यावर त्या तेलाचा उग्र वास दिवसभर असायचा. आता बहुतेक होड्यांवर फायबरचा थर चढलाय आणि तो वास गेला.

त्या वासाची आठवण निघाली म्हणून एक विचार इथे मांडतो. फळी कशी जपायची, दोर कसे सुकवायचे, होडी शाकारताना झाप कुठल्या बाजूने चढवायचे, हे ज्ञान आमच्या समाजात पिढ्यान् पिढ्या उतरत आलंय. बाईमाणसालाही ते ठाऊक असतं. इंजिन मात्र आमच्या घरात दोन-तीन पिढ्यांचंच. नारळी पुनवेला त्याच्यावर हळद-कुंकू वाहतात, हार घालतात, नारळ फोडतात, सगळं मनापासून. पण मे महिन्यात त्याला निरोप कसा द्यायचा, याचा रिवाज अजून पडलेला नाही. तो पडायला हवा. मला वाटतं तो आमच्याच पिढीने पाडायचा आहे.

तसा रिवाज पाळणारा एक मिस्त्री आमच्याकडे आहे, त्याचं काम बघत राहावं असं आहे. शेवटच्या फेरीवरून बोट खाडीत शिरली की तो इंजिन थंड होऊ देत नाही. गरम असतानाच ऑइल काढतो, कारण गरम ऑइलबरोबर काजळी आणि पाणी दोन्ही निघून येतं, गार झाल्यावर ते तळाशी बसून राहतं. बोटीत इंजिन इतकं खाली बसवलेलं असतं की चेंबरच्या बुचापर्यंत हात जात नाही, म्हणून तो डिपस्टिकच्या भोकातून नळी घालून हातपंपाने ओढतो. फिल्टर बदलतो. जुन्या फिल्टरमध्येही लिटरभर ऑइल राहिलेलं असतं, ते तसंच ठेवलं तर नव्याला विटाळतं. नवं ऑइल भरून दहा-पंधरा मिनिटं इंजिन चालवतो, म्हणजे नव्या ऑइलचा हात सगळीकडे फिरतो. त्याच वेळी समुद्राच्या पाण्याच्या बाजूने गोडं पाणी फिरवून घेतो. मग नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडतो आणि फ्लायव्हील पहारीने दोन-तीन वळसे फिरवतो. चमचाभरच. जास्त झालं तर चालू करताना पिस्टन त्या ऑइलवर आदळून कनेक्टिंग रॉड वाकू शकतो, कारण तेल दाबलं जात नाही. शेवटी एअर फिल्टरचं तोंड बंद, सायलेन्सरवर डबा उपडा, बेल्ट सैल, बॅटरी घरी. डिझेलची टाकी काठोकाठ, म्हणजे रिकाम्या जागेत दव धरत नाही. आणि स्टार्टरच्या किल्लीला एक दोरी, तिला पुठ्ठ्याचा तुकडा: “हवेचं तोंड बंद आहे.” तो तुकडा मला त्या सगळ्या कामातला सगळ्यात शहाणा भाग वाटतो. पुन्हा चालू करणारा माणूस दुसराच असू शकतो, हे त्याने लक्षात ठेवलेलं असतं.

पावसाळ्यात अधूनमधून खाडीवर जाऊन इंजिन पाच मिनिटं फिरवून येणारेही आहेत. आपण काळजी घेतली असं त्यांना वाटतं, आणि त्यांचा हेतू चांगलाच असतो. पण पाच मिनिटांत ऑइल तापत नाही. डिझेल जळून पाणी मात्र तयार होतं आणि गार चेंबरमध्ये ते तसंच राहतं. दर आठवड्याला असं केलं तर ऑगस्टपर्यंत चेंबर ओलाच. फिरवायचं असेल तर तासभर, चांगलं तापेपर्यंत. नाहीतर हाताने दोन वळसे द्यावेत, तेही नोझल काढून ऑइल सोडलेलं असेल तर. ताडपत्रीबद्दलही असंच. पूर्वी झावळ्यांचे झाप असायचे, त्यांतून वारा वाहायचा. आता निळं प्लास्टिक चारी बाजूंनी आवळून बांधतात, आणि आत इंजिनरूमला रात्रंदिवस घाम फुटतो. नाळेकडे आणि मागे दोन्हीकडे हातभर फट ठेवली की वारा आरपार जातो, पाऊस नाही.

आमच्याकडच्या दोन-तीन महिन्यांच्या मुक्कामाला एवढं पुरतं. कुठल्या कारवाईत अडकून किंवा मालकाच्या अडचणीमुळे वर्ष-दोन वर्षं पडून राहणाऱ्या नौकांची गोष्ट निराळी. त्यांच्यासाठी बंद इंजिनांचं म्हणून वेगळं संरक्षक ऑइल मिळतं. अमेरिकी सैन्याने त्याचं मानक फार पूर्वीच ठरवलेलं आहे, आणि काही ऑइलमधून अशी वाफ निघते की जी चेंबरच्या वरच्या कोरड्या भागावरही जाऊन बसते. ते मागवावं लागतं, दुकानात पडलेलं नसतं. डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या छोट्या होड्यांच्या पेट्रोल मोटरींचंही वेगळं. फोर-स्ट्रोक असेल तर एफसी-डब्ल्यू मार्कचं घ्या. त्या मार्कच्या ऑइलची खाऱ्या धुक्यात गंजाची चाचणी घेतलेली असते, मोटरसायकलच्या ऑइलची घेतलेली नसते. टू-स्ट्रोक असेल तर टीसी-डब्ल्यू३.

सुटं ऑइल बॅरलमधून घेणाऱ्यांना एक गोष्ट विनवून सांगतो. उघड्यावर उभी ठेवलेली बॅरल दिवसा तापते, रात्री गार होते, आणि प्रत्येक वेळी बुचाच्या फटीतून श्वास घेते. वर पावसाचं पाणी साचलेलं असलं तर श्वासाबरोबर तेच आत ओढलं जातं. बॅरल आडवी, दोन्ही बुचं ऑइलच्या पातळीखाली येतील अशी ठेवलेली असेल तरच घ्या. नाहीतर सीलबंद बादली घ्या, माझ्याकडून नाही तर दुसऱ्याकडून.

आता तांडेल काकांचा प्रश्न. मे महिन्यात भरलेलं नवं ऑइल ऑगस्टमध्ये फेकायचं का? नाही. न चाललेलं ऑइल तीन महिन्यांत खराब होत नाही. पुनवेला डिपस्टिक पाहायची, पातळी आणि रंग ठीक असेल तर त्याच ऑइलवर हंगाम सुरू करायचा आणि पुढचा बदल चाललेल्या तासांवर धरायचा. म्हणजे खर्च दोनदा होत नाही, तोच खर्च फक्त आधी होतो. आणि तो ज्या वेळी होतो त्या वेळी खिसा रिकामा असतो, ही अडचण खरी आहे, मी ती नाकारत नाही. म्हणूनच मे महिन्यात ऑइलची उधारी मी पुनवेनंतरच्या पहिल्या दोन फेऱ्यांपर्यंत चालू ठेवतो. बाकीच्या बंदरांवरच्या दुकानदारांनीही ठेवावी. बुडत नाही, मालक येऊन देतात.

राहिलं काढलेलं काळं ऑइल. त्यात काजळी, आम्लं, झिजलेला धातू आणि कातडीला घातक अशी संयुगं असतात. ते दारांना, वाशांना फासू नका, लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका. खाडीत सोडणं तर ज्या पाण्यावर आपलं पोट आहे त्याच पाण्याला विष घालणं आहे, आणि कायद्याने ते धोकादायक कचऱ्यात मोडतं. परवानाधारक माणसं ते विकत घेऊन जातात, शुद्ध करून पुन्हा वापरात आणतात. आमच्या दुकानाच्या मागच्या दाराशी त्यासाठी एक पिंप ठेवलेलं आहे. मे महिन्यात ऑइल कुठूनही घ्या, पण जुनं कॅनमध्ये भरून आणा आणि त्यात ओता. त्याचे पैसे लागत नाहीत.